गावचे विज्ञान आणि जगाचे वर्तमानपत्र



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापले आहे आणि विषय मात्र विज्ञानाच्या बातम्यांचा. ह्या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, डॉक्टर बोलतात. खडीच्या खाणीवर वर्गणी गोळा करणाऱ्या माणसाने विज्ञानावर काय बोलावे, असा प्रश्न मंडळींच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. आमची शाळा सातवीला संपली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून आणि शब्दकोश मांडीवर घेऊन. परंतु आपल्या भागात घडलेली शास्त्राची गोष्ट दूरच्या जगाच्या कानावर कशी घालावी, हा उद्योग आम्हाला हौसेने नव्हे, माणसांच्या जिवासाठी करावा लागला. त्यातून जे उमगले तेवढेच येथे मांडणार आहोत.

परदेशी वर्तमानपत्राकडे किंवा वृत्तसंस्थेकडे 'अशी अशी बातमी आहे, घेता काय?' म्हणून जे पत्र धाडतात, त्याला त्या धंद्यात 'पिच' म्हणतात. क्रिकेटवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही त्याला मागणीपत्र म्हणतो. कारण मालकापुढे मागणीपत्र ठेवण्याची कला आणि ही कला, ह्यांत आम्हाला तरी फारसा फरक दिसलेला नाही. दोन्हींत समोरचा माणूस घाईत असतो, त्याला आपली कणव असेलच असे नाही, आणि पहिल्या चार ओळींत त्याच्या कामाचे काही निघाले नाही तर कागद टोपलीत जातो.

मागणीपत्र न लिहिताही काही बातम्या आपोआप जातात. २०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते. बघता बघता ते चित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असा निर्वाळा दिला. पण आमच्या पाहण्यात तरी, रंग छापणारी पत्रे पुष्कळ होती आणि त्याचे कारण छापणारी थोडी. लोणारची खरी अपूर्वाई ह्याहून निराळीच आहे. हा खळगा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा, आणि तो आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये आहे. उल्का आदळून तो पडला असा पुरावा भारतीय आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी मिळून १९७३ साली अमेरिकेतील 'सायन्स' साप्ताहिकात मांडला. बेसाल्टवर झालेल्या आघाताचे असे नमुने पृथ्वीवर फार विरळ, म्हणून चंद्रावरचे खळगे समजून घेऊ पाहणारे लोक बुलढाण्याकडे डोळे लावून असतात. ही गोष्ट आमच्या एस.टी.च्या कंडक्टरला माहीत नाही आणि लंडनच्या वाचकालाही नाही. गुलाबी पाणी मात्र दोघांनाही माहीत!

दुसरे उदाहरण जरा लाजेचे आहे. २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले. देशभरातून शास्त्रज्ञ आले होते. जगाच्या पत्रांनी उचलले काय, तर प्राचीन काळच्या विमानांवरचे भाषण. त्यांना बोल लावून काय उपयोग? चमत्काराचे दुकान आपणच मांडले, गिऱ्हाईक आले. तात्पर्य एवढेच की 'अजब' आणि 'अपघात' ह्या दोन वाटांनी आपली बातमी बाहेर जाते. तिसरी वाट, जिच्यावर नुसते शास्त्र चालते, ती आपल्याला खणून काढावी लागते.

ती वाट नव्हती तेव्हा काय झाले, ते पाहण्यासाठी १९८२ च्या भोपाळमध्ये चला.

युनियन कार्बाइडच्या तेथील कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. तो राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकाराच्या परिचयाचा होता. केसवानींजवळ 'रपट' नावाचे एक लहानसे हिंदी साप्ताहिक होते. मोठा छापखाना नाही, मोठा खप नाही. त्यांनी महिनोन् महिने खपून कारखान्यातल्या कामगारांना गाठले, रसायनशास्त्राची पुस्तके उलगडली, हा वायू हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत पसरतो हे समजून घेतले. १९८२ च्या मे महिन्यात मूळ कंपनीचे तपासनीस अमेरिकेहून येऊन कारखान्यातले दोष लिहून गेले होते. तोही कागद त्यांनी मिळवला. त्या सुमारास कामगार संघटनेनेही शहरात भित्तिपत्रके लावून धोक्याची सूचना दिली होती. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये केसवानींनी 'रपट'मध्ये लागोपाठ लेख छापले. १६ जून १९८४ रोजी दिल्लीच्या 'जनसत्ता'त पुन्हा लिहिले. आणि २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट झोपलेल्या वस्तीवर पसरले. हजारो माणसे गेली. मग जगाचे बातमीदार विमानांनी उतरले.

ह्या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. केसवानींच्या लेखात कमी काय होते? शास्त्र होते, कागद होता, साक्षीदार होते. आमच्या मते कमी होता तो मधला माणूस. भोपाळच्या साप्ताहिकातला मजकूर उचलून अमेरिकेतल्या संपादकाच्या मेजावर ठेवणारा कोणी नव्हता. आणि ठेवायचाच झाला असता, तर त्यात एक वाक्य असे घालता आले असते की ते वाचून तो संपादक खुर्चीतून उठला असता. हीच कंपनी हाच वायू अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात 'इन्स्टिट्यूट' नावाच्या गावी तयार करीत होती. म्हणजे भोपाळच्या बातमीतच अमेरिकन वाचकाच्या घराची बातमी होती! ऑगस्ट १९८५ मध्ये त्या गावीही विषारी वायू सुटला आणि शंभरावर माणसांना इस्पितळात न्यावे लागले. दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, आपल्या शेजारच्या कारखान्यात कोणती रसायने साठवली आहेत हे जाणण्याचा हक्क तेथील नागरिकांना देणारा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने केला. तेथल्या संपादकाला १९८२ सालीच कोणी चार ओळी लिहिल्या असत्या तर? 'तर' ह्या शब्दावर इतिहास चालत नाही, हे आम्ही जाणतो. पण मागणीपत्र लिहायला बसताना आम्ही हा प्रश्न समोर ठेवतो: आमच्या गावची ही गोष्ट त्या वाचकाच्या दाराशी कोठे लागते?

पस्तीस वर्षांनी हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात कसा सुटला ते पाहण्यासारखे आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने इस्पितळात येऊ लागले. पुरुषभर वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, पाठीवर पंप, अंगात साधा सदरा, तोंडाला फडके. रोग्यांचा आकडा शेकड्यांत गेला आणि त्या एका जिल्ह्यात वीसच्या वर माणसे दगावली. पहिली बातमी आली ती जिल्ह्याच्या पानावर, तालुका वार्ताहराने दिलेली, बोटभर लांबीची. ती तेवढ्यावरच राहिली असती तर पुढच्या हंगामापर्यंत सारे विसरले असते.

पण काही पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी एक साधा प्रश्न लावून धरला: डब्यावर नाव काय होते? त्या नावांतले एक 'पोलो'. त्यातले रसायन डायफेन्थियुरॉन, कंपनी स्वित्झर्लंडची सिंजेंटा. २०१८ मध्ये 'पब्लिक आय' ह्या स्विस संस्थेने ही गोष्ट आपल्या लोकांपुढे मांडली. ज्या रसायनाला स्वित्झर्लंडच्या शेतात परवानगी उरलेली नाही, ते त्याच देशातून भारताकडे रवाना होते, ही खरी बातमी होती. हे यवतमाळचे दुःख म्हणून कोणी छापले नसते. स्वित्झर्लंडचा व्यवहार म्हणून ते छापावेच लागले. पुढे ह्या संस्थांनी दाखवून दिले की पोलिसांच्या कागदांत ९६ विषबाधितांच्या बाबतीत ह्या औषधाची नोंद आहे आणि त्यांतले दोघे दगावले आहेत. आपल्या औषधामुळे हे घडले, हे कंपनीने नाकारले. २०२० मध्ये प्रकरण बाझेलच्या न्यायालयापर्यंत नेण्यात आले. त्याच वर्षी स्विस सरकारने ह्या रसायनासह पाच कीटकनाशकांची निर्यात बंद करण्याचे ठरवले आणि २०२१ च्या आरंभापासून ती बंदी लागू झाली.

ही बंदी एका बातमीने झाली असे आम्ही म्हणत नाही. तिच्यामागे पुष्कळांचे पुष्कळ श्रम आहेत. पण यवतमाळच्या कोणा हवालदाराने पंचनाम्यात नुसते 'विषारी औषध' असे लिहून कागद मिटवला असता, तर बाझेलपर्यंत काय पोचले असते? त्याने औषधाचे नाव लिहिले. त्या एका शब्दाने हजारो मैलांचा प्रवास केला.

नोंदीचे हे माहात्म्य आणखी एका ठिकाणी पाहावे. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या आणि त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. हा निबंध १९८९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'ने छापला, आणि खेड्यातल्या बाईच्या न बोललेल्या दुखण्याला जगाच्या आरोग्यशास्त्रात जागा मिळाली. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच पत्रात दुसरा निबंध आला. ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, तर तुलनेला घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा आकडा लंडनमध्ये तयार झालेला नाही. जन्मलेले प्रत्येक मूल आणि मेलेले प्रत्येक मूल कोणीतरी गावात दारोदार हिंडून वहीत उतरवले, म्हणून तो आकडा उभा राहिला. विज्ञान म्हणजे दुर्बीण आणि काचेच्या नळ्या, अशी आपली समजूत असते. आम्हाला तर ते मस्टरसारखे दिसते: रोजच्या रोज भरायचे, गाळायचे नाही, आणि मागाहून खाडाखोड करायची नाही.

आता आमच्या खाणीची गोष्ट. आमच्या भागात खडीचे क्रशर आहेत. तेथे दहा-बारा वर्षे काम केलेला माणूस चाळिशीत खोकू लागतो, जिना चढताना बसतो, आणि एके दिवशी वर्गणी द्यायला येत नाही. दगडाच्या बारीक भुकटीने फुप्फुसे घट्ट होतात. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने, सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांच्या यादीत तो घातला होता. यादीत घातला म्हणजे कळवला गेला, असे मात्र नव्हे.

आम्ही दिल्लीत राहणाऱ्या, एका परदेशी वर्तमानपत्राच्या बातमीदार बाईंना पत्र लिहिले. दोन दिवसांत उत्तर आले. भाषा सभ्य, मजकूर तोकडा. दगडाच्या धुळीने फुप्फुसे जातात हे जगाला कधीचे ठाऊक आहे. ह्यात नवे काय?

हे वाक्य कचेरीत वाचून दाखवले तेव्हा मंडळी खवळली. माणूस मरतो आहे आणि हिला नवे पाहिजे! आमचा खजिनदार तेवढा शांत बसला होता. तो म्हणाला, "अण्णा, मालकाकडे जाऊन आपण कधी म्हणतो का, की आम्ही गरीब आहोत, पगार वाढवा? गरीब आहोत हे त्याला ठाऊकच असतं. आपण म्हणतो, महागाईचा आकडा मागच्या करारापासून इतका वर गेला." बोलणे खरे होते. ह्या धंद्यातला 'नवे' हा शब्द आम्हाला आजही पटत नाही. मजुराचे दुःख जुने झाले म्हणून ते कमी दुखत नाही. पण मेज त्यांचे आहे, आणि त्या मेजावर काय चालते हे ओळखल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

मग आम्ही वर्गणीची वही काढली. ज्यांची वर्गणी मध्येच तुटली त्यांची नावे उतरवली, घरोघर गेलो, दवाखान्याचे कागद पिशव्यांतून आणि पत्र्याच्या डब्यांतून बाहेर काढवले. ते घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी क्ष-किरण चित्रे उजेडासमोर धरून एकेक पाहिली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ह्यांतल्या कितीतरी माणसांना क्षयाची औषधे दोन-दोन, तीन-तीन वेळा देण्यात आली होती, आणि थुंकीच्या तपासणीत मात्र क्षय कधीच निघाला नव्हता. ह्यात डॉक्टरांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. लक्षणे सारखी दिसतात, आणि सिलिकोसिसच्या रोग्याला क्षयही लवकर जडतो. पण जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. त्या हिशेबात खाणीवरची काही माणसे चुकून मोजली जात असतील आणि त्यांचा खरा रोग कोणत्याच हिशेबात येत नसेल, तर ही गोष्ट जिनिव्हाच्या आरोग्य संघटनेपासून औषध बनवणाऱ्यांपर्यंत सर्वांना लागू पडते.

दुसरे पत्र पंधरा ओळींचे झाले. पहिल्या वाक्यात काय सापडले ते. दुसऱ्यात कोठे आणि किती जणांत किती. मग ते कोणी तपासले, आणि ते डॉक्टर स्वतः बोलायला तयार आहेत की नाहीत. मग क्रशरमालकांचे म्हणणे, त्यांच्याच शब्दांत. हे वाक्य घालताना आमच्यात भांडण झाले. पण विरुद्ध बाजू आपण नाही लिहिली तर बातमीदार ती विचारणारच, आणि तेव्हा आपला कागद अर्धा ठरतो. शेवटी, तिच्या वाचकाशी ह्याचा संबंध काय. युनियनचा इतिहास, पदाधिकाऱ्यांची नावे, आंदोलनाची हाक ह्यांतले काही नाही. आमच्या चिटणिसांना ते फार जड गेले.

बाई आल्या, दोन दिवस राहिल्या. एका अडचणीची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्यांना एका कामगाराचे छायाचित्र हवे होते. तो नको म्हणाला. मुकादमाने पाहिले तर त्याच्या मुलाचेही काम गेले असते. छायाचित्राने बातमी मोठी होते हे आम्हाला दिसत होते. तरी आम्ही त्याला एका शब्दानेही गळ घातली नाही. बातमी पाऊण स्तंभाची आली, गावाचे नाव जरा वेडेवाकडे छापले गेले, चित्र धुळीने पांढऱ्या झालेल्या झाडांचे होते. पुढे जिल्ह्याच्या इस्पितळात खाणकामगारांच्या छातीच्या तपासणीसाठी आठवड्याचा एक दिवस ठरला. नुकसानभरपाईचे अर्ज अजून पडून आहेत.

ज्या तालुका वार्ताहराने बाईंना वस्त्या दाखवल्या, आमची भाषा त्यांना इंग्रजीत सांगितली आणि स्वतःच्या मोटारसायकलवर हिंडवले, त्याचे नाव बातमीत कोठेच नव्हते. कामगार संघटनेच्या माणसाला ही गोष्ट कशी चालावी? आता आम्ही आधीच लिहून टाकतो की स्थानिक वार्ताहराला दिवसाचा मेहनताना द्यावा आणि नाव छापावे. काही जण मान्य करतात, काही उत्तरच देत नाहीत.

येथे महाविद्यालयातील प्राध्यापक मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. 'लॅन्सेट', 'नेचर', 'सायन्स' अशी पत्रे आपले निबंध अमुक वेळेपूर्वी छापू नये ह्या अटीवर बातमीदारांना काही दिवस आधीच दाखवतात. तेव्हा आपला निबंध कोठे स्वीकारला गेला, की ती अट नीट वाचून घ्यावी आणि तिच्या आत राहून त्याच आठवड्यात बातमीदारांना ई-मेल करावी. सत्काराच्या दिवशी बातमी देऊ म्हणून थांबू नये. तोपर्यंत ती शिळी होते. आणि निबंधासाठी ज्यांनी रक्त दिले, माती दिली, नोंदी केल्या, त्यांना निष्कर्ष आधी त्यांच्या चावडीवर, मराठीत सांगावा. आपल्या गावाची बातमी गावाला परदेशातून कळावी, हे काही बरे नाही.

सभागृहाच्या दाराशी मेजावर आम्ही नोंदीच्या कागदाचा नमुना छापून ठेवला आहे. जाताना ज्याने त्याने घ्यावा. त्यात तारीख, नाव, काम, किती वर्षे, काय त्रास, कोणी तपासले आणि काय निघाले, असे रकाने आहेत. फवारणीला जाणाऱ्यांसाठी एक रकाना जास्तीचा आहे. त्यात डब्यावरचे नाव लिहायचे, जसे छापले असेल तसे, अक्षरन् अक्षर उतरवून.